अर्ध्या पुडीची घरं

आमच्या निजामचाचाले 'नाही' म्हणता येत नाही. गाव याले गुण म्हणते. मी म्हणत नाही. मी छाया, वस्तीची आशाताई. पोट्ट्यांचे डोस, बायांची बाळंतपणं, तापाच्या माणसाचं रक्त तपासणं, सगळं माझ्याकडं. सोळा वर्षं घरोघरी फिरून राह्यली, त्याच्यानं 'हो हो' म्हणणारी माणसं केवढा घोळ करून ठेवतात ते मले पुरतं ठाऊक आहे. पण या एका माणसाच्या बाबतीत माझं डोकं गेल्या पावसाळ्यापासून असं भंजाळलं आहे, की त्याले शाबासकी द्यावी का चांगलं झापावं, हेच समजून नाही राह्यलं. जसं झालं तसं सांगते. तुम्हाले उमजलं तर मले कळवा.

आमची वस्ती सोनाळ्याच्या वरच्या अंगाले. मागं सातपुडा, पुढं संत्र्याचे बगीचे, अन् मधातून नाला. नाल्याचं पाणी दिवाळीपर्यंत जागचं हालत नाही, मंग मच्छरांले काय, आयतं माहेर. म्हणून दर पावसाळ्यात मलेरियाची फवारणी येते. निजामचाचा त्या टोळीत एकोणीस हंगामांपासून आहे. वय साठीच्या आतबाहेर, दाढी मेंदीनं लाल, अंग वाळल्या तुराटीसारखं. औषधाची पुडी बादलीभर पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, एकानं पंपाचा दांडा मारायचा अन् दुसऱ्यानं नळीनं भिंत वरून खाली भिजवत न्यायची. मच्छर चावून झाला की भिंतीवर टेकते, अन् तिथंच औषध त्याले धरते. एका बादलीत तीन घरं होतात. घर झालं की दाराजवळ गेरूनं तारीख लिहायची. कागदावर न झालेल्या घराचं कारण लिहायले दोनच रकाने, एक 'बंद' अन् दुसरा 'नकार'.

आमच्या चाचाच्या कागदावर 'नकार' कधी दिसलाच नाही. बाया किती कटकट करतात ते मले विचारा. भिंतीले पांढरे डाग पडतात, वास येते, देवघरात येऊ नका, आत्ताच रंग देल्ला आहे. चाचा दारातच बसकण मारते. "भाभी, पोरीच्या लग्नात भिंत दिसन का पोरगी दिसन?" म्हणते. बाई हसली की नळी घरात. माझी सासू, मंजुळाबाई, पक्की खाष्ट. तिनं एकदा दाराले कडी लावून घेतली, तर हा बाहेरून म्हणे, "मंजुळावहिनी, मी बसतो इथंच, चहा झाला की आवाज द्या." अर्ध्या घंट्यानं तिनंच दार उघडलं, अन् वरून त्याले चहाही पाजला.

हंगाम संपला की चाचा डेगवाला. पीरबाबाच्या उरुसाले साऱ्या वस्तीचं जेवण असते, अन् डेगी, म्हणजे रांधायचे मोठाले हंडे, सांभाळायचं काम त्याच्या घराण्याकडं. हिंदूंसाठी बिगर मटनाच्या दालच्याची, म्हणजे डाळीच्या कालवणाची, डेग वेगळी, तीही तोच करते. माणसं दरवर्षी अंदाजाच्या वर येतात. मंग चाचा एका डेगीत पाणी वाढवते, मीठ-मसाला सावरते, अन् तिच्या कड्याले दोरा बांधून ठेवते. दोरा बांधलेली डेग पाहुण्यांले वाढायची नाही. ती घरच्यांनी, वाढणाऱ्यांनी शेवटी खायची. त्याच्या बापाचा नेम. मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राह्यली, उरुसातून कोणी उपाशी परत गेलं नाही.

आता गेल्या साली काय झालं ते ऐका. फवारणीच्या यादीत आमच्या वस्तीची चौऱ्याऐंशी घरं. यादी कधीची, देव जाणे. आज घरं आहेत एकशे बारा. पोरं वेगळी निघाली, नाल्यापलीकडं झोपड्या झाल्या, बगीच्यात राखणदार राह्यले. औषध येते यादीच्या हिशेबानं, चौऱ्याऐंशी घरांचं. त्याच्या आदल्या वर्षी बैठकीत मले सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, तुमच्या वस्तीत घरं सुटली कशी? मी घरी येऊन भांडी आपटली. अन् या हंगामाच्या पहिल्या दिवशी चाचाले चौकात गाठून म्हणलं, "चाचा, यंदा एकही घर सुटायले नको. कसंही करा, मले शंभर टक्के पाहिजे. नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"हाव बेटा," चाचा म्हणाला.

अन् झालीही हो! एकशे बाराच्या एकशे बारा घरांवर गेरूची तारीख. नाल्यापलीकडच्या महामायाच्या झोपडीलेही. बैठकीत मी मान ताठ करून बसली. चौऱ्याऐंशी घरांचं औषध एकशे बारा घरांले पुरलं कसं, हे मी विचारलं नाही. आत्ता तुम्ही मनात म्हणून राह्यले असान की एवढं साधं गणित हिले कसं सुचलं नाही. सुचलं होतं. मी विचारलं नाही, बस.

ऑगस्टात अनुपमा मॅडम आल्या. नागपूरकडच्या कुठल्याशा संशोधन संस्थेच्या. उंच, चष्मा, बोलणं एकदम पुस्तकातलं, पण बाई गोठ्यात शेणात उभी राहायले लाजत नव्हती. समाजमंदिराची खोली त्यांनी घेतली अन् तिथं मच्छर पाळले! खरंच सांगते. नाल्यातल्या अळ्या परातीत, मोठे झालेले मच्छर जाळीच्या पेटीत, अन् कागदी पेल्यांवर जाळी बांधून त्याच्यावर साखरपाण्याचा कापूस. आमच्या लेकरांले कधी एवढं वेळेवर मिळालं नसन. मंजुळाबाई पाहून आली अन् कपाळाले हात लावून बसली. "लोकं गाई पाळतात, शेळ्या पाळतात. ही बाई शिकून-सवरून मच्छर पाळते!"

मॅडमले गोठे दाखवायले कोणी तरी पाहिजे होतं. म्हणलं, चाचा आहे. सकाळी झुंजूमुंजू झालं की दोघं गोठ्यात. काचेची नळी तोंडात धरायची, हलकेच ओढायचं, भिंतीवरचा मच्छर नळीत. मधात जाळी असते, तोंडात जात नाही. रक्त पिऊन पोट लाल झालेल्या माद्या चाचा अशा अलगद उचले की मॅडमही पाहत राहत. सासूनं छेडलं, "काय रे निजाम, आता मच्छर वढून प्याले लागला का?" चाचा म्हणे, "वहिनी, अठरा साल मारले, आता थोडी खातिरदारी करतो."

मॅडमचं दुसरं काम भिंतीचं. फवारलेल्या भिंतीवर पारदर्शक वाट्या चिकटवायच्या, प्रत्येकीत दहा मच्छर सोडायचे, अर्ध्या घंट्यानं काढून पेल्यात ठेवायचे अन् दुसऱ्या दिवशी किती मेले ते मोजायचं. तुळशीरामच्या घरी दहातले नऊ मेले. आमचं अन् तुळशीरामचं घर एका भिंतीचं. आमच्याकडं मेले तीन. बाकीचे सात आधी उताणे पडले, पाय झाडले, अन् सकाळी उठून साखरपाणी प्याले लागले.

मॅडमनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एका घरात मच्छर मरते, शेजारच्या घरात लोळून उठते, त्याच्या पलीकडं पुन्हा मरते. मॅडम वही घेऊन ओट्यावर बसल्या. "छायाताई, मला काही कळत नाहीये. एकच औषध, एकाच आठवड्यात मारलेलं, भिंतीही सारख्याच. तुमच्याकडे औषधाला न जुमानणारे डास तयार व्हायला लागलेत की काय? तसं असेल तर पंधरा दिवसांत मला कळवावं लागेल. मग हे औषध या भागात बंद करून दुसरं, जास्त कडक औषध आणावं लागेल."

चाचा तिथंच होता, वाट्या पुसत. त्यानं पुसलेलीच वाटी पुन्हा पुसायले घेतली. मले वाटलं, वयानं विसरला असन. पण त्या दिवसापासून त्याचं बोलणं आटलं. 'हाव', 'हाव', एवढंच. मी छेडलं, सासूनं छेडलं, हा आपला पेल्यातल्या मच्छरांकडं पाहत बसलेला.

चार दिवसांनी त्याची सून यास्मीन धावत आली. "आशाताई, सफा भट्टीवानी तापली आहे, अन् आंग हुडहुडून राह्यलं." सफा म्हणजे चाचाची नात, सात वर्षांची. दुसरीत जाते, दिवसभर तोंड बंद नाही. मी गेली तं पोट्टी गोधडीखाली थडथड उडत होती. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. पंधरा मिनिटं थांबावं लागते. चाचा उंबऱ्यावर बसला, पट्टीकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहत. रेघ उमटली. मलेरिया, अन् तोही डोक्यात चढणारा. मी तिथंच गोळ्यांचा पहिला डोस देल्ला अन् गाडी बोलावून तिले सरकारी दवाखान्यात नेलं. पाच दिवस पोट्टीनं आम्हाले ताणलं. तिसऱ्या दिवशी तर ती यास्मीनले ओळखेना. चाचा दवाखान्याच्या नळावर ओल्या पट्ट्या पिळे अन् आणून दे. पाचव्या दिवशी सफानं डोळे उघडले अन् भांडायले सुरुवात केली, मले वडापाव पाहिजे. तेव्हा मी बाहेर जाऊन रडली.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाचाकडं गेली. हा दर्ग्यामागं उरुसाच्या डेगी चिंच-राखेनं घासत होता. उरुसाले अजून दोन महिने होते. मी म्हणलं, "आत्ताच कायले घासता?"

त्यानं वर न पाहता विचारलं, "छाया, तुह्या घरच्या तारखेखाली गेरूचा ठिपका आहे का?"

"असन. मंग?"

"ते अर्ध्या पुडीचं घर आहे."

मले आधी समजलंच नाही. मंग त्यानं सांगतलं. औषध चौऱ्याऐंशी घरांचं, घरं एकशे बारा. मंग त्यानं दहा पुड्यांच्या वीस बादल्या केल्या, अर्धी-अर्धी पुडी टाकून. बाकीच्या बादल्या पुऱ्या. जिथं अर्धी मारली तिथं तारखेखाली ठिपका. डेगीच्या कड्याले दोरा बांधते तसा.

"अन् ठिपका कोणाकोणाच्या घराले?"

"आपल्या लोकांच्या. माह्या घराले, माह्या गल्लीले, भावांच्या घराले, अन् तुह्या घराले. नाल्यापलीकडं पुरी पुडी. ते लोकं बिचारे नवे, पाहुने. त्यांयले पानी वाढवेल कसं द्याचं?"

"आमच्या घराले काऊन?" मी ओरडलीच.

"तू घरची नं बेटा," चाचा म्हणाला.

अरे देवा! आता यावर काय बोलावं माणसानं? मी बोलली, लय बोलली. हे काय दालचा आहे का, पाणी घालून पुरवायले? हे विष आहे विष! मच्छर मरायचे सोडून तुमच्या पाण्यानं आंघोळ करून गेले! त्या बाईनं रात्रंदिवस मेहनत केली अन् तुम्ही तिच्या बाजूले उभं राहून गप्प! चाचानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "बराबर आहे. फवारणीच्या साहेबानं काढून टाकलं तरी बराबर आहे. मले फक्त एक गोष्ट समजली पाह्यजे. सफाले ताप माह्या हातानं आला का?"

माझा राग तिथंच बसला. मले काय माहीत? म्हणलं, "चला, मॅडमलेच विचारू."

मॅडम पेल्यांजवळ बसून भिंगातून काहीतरी मोजत होत्या. चाचानं उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. मॅडमनं भिंग खाली ठेवलं. "अर्धी पुडी करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी नाही," चाचा म्हणाला. "माह्यीच अक्कल."

माझ्याकडं त्यानं पाह्यलंसुद्धा नाही. अन् मी गप्प. मले चौकातलं सगळं आठवत होतं, एकही घर सुटायले नको, कसंही करा, नाहीतर बोलणार नाही.  मॅडम बोलत राहिल्या, महिन्याचं काम, चुकीचा अहवाल जाणार होता, वगैरे वगैरे, अन् मी भिंतीकडं पाहत उभी. पाच मिनिटं तरी असन. त्या पाच मिनिटांची मले आजही लाज वाटते. मंग म्हणलं, "मॅडम, मी सांगतलं होतं. अर्धी करा असं नाही म्हणलं. पण पुरवा असं मीच म्हणलं होतं."

मॅडम दोघांकडं पाहत राहिल्या. अन् मंग ती बाई एकदम उठून उभी राहिली. "ठिपक्याची घरं सगळी दाखवता येतील? एकूण एक?"

"भिंतीवरच लिहेल आहे," चाचा म्हणाला.

मॅडमचा चेहरा असा उजळला की मले राग आला. आमचा जीव चालला अन् हिले उजेड पडला! पण त्यांचंही खरं होतं. त्यांच्या पेल्यांवर घरनंबर होतेच. आता कोणता मच्छर पुऱ्या पुडीच्या घरातला, कोणता अर्ध्या पुडीच्या, हे समजणार होतं. औषधाले न जुमानणारे मच्छर वगैरे लिहिणं त्यांनी थांबवलं. दोन दिवस चाचा त्यांना घेऊन गल्लोगल्ली ठिपके दाखवत फिरला. पुढचा महिना मॅडम त्याच दोन गोष्टी मोजत होत्या, वाचलेली मादी जगते किती दिवस, अन् अंडी देते किती. ओल्या कागदावर अंडी दिसायची, काळी, तिळाहूनही बारीक. भिंगात नावेसारखी.

महिन्यानं त्यांनी आम्हाले दोघांले बोलावलं. चाचा धुतलेला सदरा घालून आला. दवाखान्यातही तो एवढा ताठ बसला नव्हता.

"निजामभाई, सरळ सांगते," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या पुडीच्या भिंतीवर बसून जे डास वाचले, ते धड राहिले नाहीत. बहुतेक माद्यांनी अंडी कमी दिली. काही अंडी फुटलीच नाहीत. आणि त्या लवकर मेल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण डासाच्या पोटात मलेरिया तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्याआधी डास मेला तर त्याच्यापासून कुणाला ताप येत नाही."

चाचाच्या तोंडावर रंग आला. "म्हंजे अर्धी पुडीही बरी?"

"थांबा. सगळ्या माद्या तशा नाहीत. दोन गोठ्यांमधून धरलेल्या माद्यांनी उलट जास्त अंडी दिली. का, ते मला माहीत नाही. आणि जे अर्धं विष पचवून जगले, त्यांची पिल्लं पुढच्या वर्षी पुरी पुडीही पचवतील, अशी भीती आहे. पुऱ्या पुडीला तेवढे वाचतच नाहीत, म्हणून तिथे ही भीती कमी."

"म्हंजे वाईट?"

"म्हणजे… दोन्ही. यंदा कदाचित थोडं बरं, पुढे कदाचित वाईट."

माझं टाळकं सटकलं. "मॅडम, एक काय ते सांगा नं! इतकी शिकलेली माणसं तुम्ही, अन् बरं का वाईट एवढं नाही सांगता येत?"

"नाही येत, छायाताई," त्या म्हणाल्या. अन् बाईचा आवाज खरंच पडला होता.

चाचानं मंग त्याचा एकच प्रश्न विचारला. "सफाले चावला तो मच्छर?"

"तो कुठल्या घरातला, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या घरातला असेल. पुऱ्या पुडीच्या घरातला असेल. नाल्यावरचा असेल. तुमच्यामुळे असं मी म्हणू शकत नाही. तुमच्यामुळे नाही, असंही म्हणू शकत नाही."

चाचा उठला, मॅडमले सलाम केला अन् निघाला. रस्त्यानं मले म्हणे, "छाया, दालचा पातळ झाला तर जीभ सांगते नं. याले जीभ कुठून आनू?"  त्या माणसाले सजा झाली असती तर तो झोपला असता. माफी मिळाली असती तरी झोपला असता. हे मधातलं त्याले खाऊन राह्यलं होतं, अन् मलेही.

मॅडमनं कळवल्यावर साहेबांनी त्याले चांगलं सुनावलं अन् शेवटची संधी म्हणून पुन्हा टोळीत ठेवलं. घरं माहीत असलेलं दुसरं होतंच कोण? मी एकशे बारा घरांची नावं लिहून अर्ज देल्ला. एकदा नाही, तीनदा. 'नवी यादी वरून येईन' म्हणाले. यंदा औषध आलं. किती घरांचं? चौऱ्याऐंशी.

पहिल्या दिवशी मी चाचासमोर उभी राहिली. या खेपेले तोंडातून काय काढावं तेच समजेना. सगळी घरं करा म्हणावं तं पुड्या अर्ध्या होतात. पुरी पुडी टाका म्हणावं तं माणसं सुटतात, अन् सुटलेल्या घरात मच्छरांले काहीच नाही, अर्धीही नाही. म्हणजे गेल्या सालचं बरं होतं का? मॅडमचं ऐकून मी एवढी शहाणी झाली, की मले काहीच सांगता येईना. चाचाच म्हणाला, "यंदा पुडी फोडनार नाही, छाया. पातळ नाही करनार."

अन् नाही केली. यादीप्रमाणं घर-घर, पुरी पुडी, तारखेखाली ठिपका नाही. नाल्यापलीकडच्या बाया दारात उभ्या राहून पाहत. चाचा मान खाली घालून त्यांच्या समोरून जाये. कामावर असताना या माणसाले मी पहिल्यांदा मुकाट पाह्यलं.

शेवटच्या दिवशी शेवटची बादली उरली. यादीतली शेवटची तीन घरं, आमचं, तुळशीरामचं अन् चाचाचं. आमचं झालं, तुळशीरामचं झालं. चाचाच्या घराकडं वळणार, तेवढ्यात महामाया आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू, जेमतेम वीस दिवसांचं. बाळंतपण माझ्याच हातचं. "चाचा, मांगच्या साली आमच्या घराले मारलं होतं. यंदा काऊन नाही? आम्ही काही चुकलो का?"

मी मधात पडली. "महामाया, औषध संपलं गं बाई. यादीत…"  बादलीत औषध दिसून राह्यलं होतं, एका घराचं.

चाचानं लेकराकडं पाह्यलं, मंग बादलीकडं. मंग बादली उचलली अन् नाल्याकडं चालायले लागला. मी मागून हाका मारल्या. "चाचा! तुमचं घर! सफा आहे घरात! अहो चाचा!" पंपवाला माझ्याकडं पाहे अन् त्याच्याकडं पाहे, मंग तोही मागं गेला. महामायाची झोपडी वरून खालपर्यंत भिजवली त्यानं, पुऱ्या पुडीच्या औषधानं. बादली उलटी करून दाखवली. "घे बेटा, पातळ नाही आहे."

परत आला तं सफा दारातच, आजोबाले म्हणे, "दादा, आता आपलं घर नं?" यास्मीन तिच्या मागं. तिनं रिकामी बादली पाह्यली अन् पदर तोंडाले लावला. 

आता चाचाचं घर यादीतलं. यादीतलं घर न झाल्याचं कारण कागदावर लिहावं लागते अन् भिंतीवरही. चाचानं कागद मांडीवर घेतला. औषध पुरलं नाही, असा रकाना त्याच्यात नाही. 'बंद' लिहावं तं घर उघडं, नात दारात उभी. त्यानं गेरूचा तुकडा उचलला अन् गेल्या सालच्या तारखेच्या बाजूले, ठिपक्याच्या वर, तीन अक्षरं लिहिली. एकोणीस हंगामांत त्याच्या हातानं कधी लिहिली नव्हती ती.

सफाले आता वाचता येते. तिनं बोट ठेवून वाचलं, "न… का… र. नकार." मंग आजोबाकडं पाहून विचारलं, "म्हंजे नाही म्हनलं? कोनी नाही म्हनलं, दादा?"

"म्या," चाचा म्हणाला.

माझं डोकं अजूनही ठिकाणावर नाही. त्याले शिव्या घालू का पाया पडू? महामायाच्या लेकराले झाकलं ते बरं केलं, अन् सफाले उघडं ठेवलं ते? अन् हे सगळं सुरू कोणी केलं होतं? मी घरी गेली, आमच्या पलंगाची मच्छरदाणी सोडली, अन् नेऊन सफाच्या खाटेले चारी बाजूंनी बांधून आली.

सांजच्याले सासूनं विचारलं, "छाया, आपली मच्छरदानी कुठी गेली वं?"